उभी खोडे, आडवे थर : प्रस्तावना

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या ईशान्य भागात लामार नदीचे खोरे आहे. त्याच्या कडेने स्पेसिमेन रिज नावाची डोंगररांग जाते. तिच्या उतारावर ज्वालामुखीची राख, वाळू आणि गोटे यांच्या घट्ट झालेल्या थरांतून दगड बनलेली खोडे बाहेर आली आहेत. काही आडवी आहेत, पण पुष्कळशी सरळ उभी आहेत. खालच्या थरातील खोडे जिथे संपतात त्याच्या वर पुन्हा थर आहे, त्यात पुन्हा उभे बुंधे आहेत, आणि त्याच्याही वर तसेच. एकोणिसाव्या शतकात जिम ब्रिजर या वाटाड्याच्या नावावर एक थाप सांगितली जाई : इथल्या दगडी झाडांवर दगडी पक्षी बसतात आणि दगडी गाणी गातात. या थापेमागचा मूळ ऐवज मात्र खरा होता. ती झाडे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीची, इओसीन काळातील आहेत.

या पुस्तकाचा सारा खटाटोप एका साध्या प्रश्नासाठी आहे. ही झाडे आज जिथे उभी दिसतात तिथेच वाढली का? की कुठून तरी वाहत आली, चिखलात रुतली आणि योगायोगाने उभीच राहिली? पहिले खरे असेल तर डोंगराचा तो उतार म्हणजे एकावर एक गाडली गेलेली अनेक वने. एक वन वाढले, राखेखाली आणि चिखलाखाली गेले, त्यावर माती तयार झाली, नवे वन उगवले, तेही गाडले गेले. दुसरे खरे असेल तर तो उतार म्हणजे पुरांनी आणि चिखललोटांनी गोळा केलेल्या लाकडाचा साठा. पहिल्या अर्थाने त्या उतारात हजारो वर्षे मावतात. दुसऱ्या अर्थाने सारा उतार फार थोड्या काळात साचला असू शकतो. डोळ्यांना दोन्ही प्रसंगी दिसते एकच : उभे खोड.

हा प्रश्न सोडवायला खोडाच्या आतली वलये कशी उपयोगी पडतात, कुठवर उपयोगी पडतात आणि कुठे ती गप्प बसतात, हे पुढील प्रकरणांत सविस्तर येईल. प्रस्तावनेत त्या वादाची आणि त्या पद्धतीची ओळख करून द्यायची आहे.

भूशास्त्रज्ञ आणि चित्रकार विल्यम हेन्री होम्स १८७८ साली हेडन यांच्या सर्वेक्षण पथकातून या भागात आले. एकावर एक असलेल्या वनांची कल्पना त्यांच्या वर्णनापासून रूढ झाली. पुढे फ्रँक नोल्टन यांनी इथल्या जीवाश्म वनस्पतींचा मोठा अभ्यास १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. एर्लिंग डॉर्फ यांनी १९६० च्या दशकात या उतारावर वनांचे २७ थर मोजले. प्रत्येक थरातल्या थोराड झाडाची वलये मोजायची, वर माती तयार व्हायला लागणारा काळ धरायचा आणि सगळे थर मिळवायचे, म्हणजे किमान किती काळ गेला याचा अंदाज येतो, असा हा सरळ हिशेब होता. तो बराच काळ निर्धास्तपणे चालला, कारण झाड उभे आहे म्हणजे ते तिथलेच आहे हे गृहीत कोणाला खटकले नव्हते.

१९८० मध्ये ते खटकू लागले. त्या वर्षी विल्यम फ्रिट्झ यांनी यलोस्टोनच्या थरांचा वेगळा अर्थ मांडला. अनेक बुंध्यांची मुळे तुटून आखूड झालेली होती. थंड हवेतील सूचिपर्णी झाडे आणि उष्ण, दमट हवेतील रुंद पानांची झाडे यांचे अवशेष एकाच थरात सापडत होते. ज्या खडकात ती रुतली होती त्यातले गोटे आणि वाळू वाहत्या चिखलाने आणून टाकल्यासारखे होते. डोंगराच्या वरच्या भागातली झाडे चिखललोटाबरोबर खाली आली असतील तर या साऱ्या गोष्टी एकत्र बसतात. त्याच वर्षी १८ मे रोजी वॉशिंग्टन राज्यातील माउंट सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी फुटला आणि वादाला जिवंत प्रयोगशाळा मिळाली. स्फोटाने उखडलेली असंख्य झाडे स्पिरिट लेक या तळ्यात पडली. पाणी पिऊन जड झालेल्या बुंध्यांकडची बाजू खाली गेली आणि कित्येक खोडे तळ्यात उभी तरंगू लागली, मग उभीच तळाला टेकली. हॅरल्ड कॉफिन यांनी १९८३ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. नदीच्या खोऱ्यातून उतरलेल्या चिखललोटांनीही मुळांसकट बुंधे उभ्या स्थितीत वाहून नेल्याचे दिसले. खोड उभे असणे हा त्याच्या जन्मस्थानाचा पुरावा नाही, हे यानंतर कोणालाही नाकारता येईना.

मग पुरावा कोणता? इथे वलये पुढे येतात.

समशीतोष्ण प्रदेशातील झाडाच्या सालीखाली कॅम्बियम नावाचा पेशींचा पातळ थर असतो. वाढीचा हंगाम सुरू झाला की तो आतल्या बाजूला मोठ्या पोकळीच्या, पातळ भिंतींच्या पेशी तयार करतो, हे वसंतकाष्ठ. हंगाम सरत आला की पेशी अरुंद आणि भिंती जाड होतात, हे शरदकाष्ठ. मग वाढ थांबते. पुढच्या वर्षी पुन्हा मोठ्या पेशी सुरू होतात आणि दोन वर्षांच्या मध्ये ठळक रेघ उमटते. वर्ष चांगले गेले तर वलय रुंद, दुष्काळाचे किंवा कडक थंडीचे असेल तर अरुंद. वलये मोजली की झाडाचे वय कळते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण आपल्या प्रश्नाला वयाचा उपयोग थोडाच. उपयोग आहे तो रुंद आणि अरुंद वलयांच्या क्रमाचा.

हा क्रम कालगणनेसाठी वापरण्याची पद्धत ॲन्ड्र्यू एलिकॉट डग्लस यांनी घडवली. ते खगोलशास्त्रज्ञ होते. सूर्यावरच्या डागांचा पृथ्वीच्या हवामानावर होणारा परिणाम शोधायला ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲरिझोनातील झाडांकडे वळले. त्यांच्या ध्यानात आले की एका प्रदेशातली झाडे निरनिराळ्या वयांची असली तरी त्यांच्या वलयांचा चढउतार सारखा असतो. एका बाजारपेठेतल्या दोन दुकानांच्या जुन्या खातेवह्या समोर ठेवल्या तर दुकाने लहानमोठी असली तरी मंदीची आणि तेजीची साले दोन्हींत एकाच ठिकाणी सापडतात, तसेच हे. एकाची सुरुवात आधीची, दुसऱ्याचा शेवट नंतरचा, पण मधली साले जुळवता येतात. या जुळणीच्या आधारे डग्लस यांनी जिवंत झाडांपासून जुन्या वास्तूंतील तुळयांपर्यंत साखळी मागे नेली. मधला तुटलेला दुवा १९२९ मध्ये ॲरिझोनातल्या शो लो गावी सापडलेल्या एका जळक्या तुळईने सांधला. ॲरिझोना विद्यापीठातली वृक्षवलयांची प्रयोगशाळा १९३७ मध्ये स्थापन झाली.

अश्मीभूत वनाला साल, सन काही नसते. पाच कोटी वर्षांपूर्वीच्या वलयाला कुठल्याही साखळीतून तारीख लावता येत नाही. पण दोन दगडी खोडांचा क्रम एकमेकांशी ताडून पाहता येतो. तारीख न कळताही ती झाडे एका काळात, एका हवामानात जगली की नाही, एवढे त्यातून निघू शकते. आपल्या वादाला नेमके एवढेच हवे आहे.

समजा, एका थरातली खोडे एकमेकांशी जुळली आणि वरखालच्या थरांतल्या खोडांशी जुळली नाहीत. मग प्रत्येक थर हे वेगवेगळ्या काळाचे वन होते, या म्हणण्याला बळ मिळते. समजा, निरनिराळ्या थरांतील खोडांत एकच क्रम सापडला. तसे झाले तर ती एकाच काळी जगलेली झाडे टप्प्याटप्प्याने वेगवेगळ्या पातळ्यांवर साचली असणार. स्पिरिट लेकच्या तळाशी आज हेच चालले आहे. तिथली स्फोटात मेलेली झाडे १९८० च्याच हंगामात संपली, पण ती निरनिराळ्या वर्षी बुडून गाळाच्या निरनिराळ्या पातळ्यांवर टेकली. तिसरी शक्यता अशी की एकाच थरातली खोडेही एकमेकांशी जुळत नाहीत. ती वेगवेगळ्या उंचीवरून, वेगवेगळ्या काळातून गोळा झाली असतील. किंवा त्या झाडांच्या वलयांत जुळवण्याजोगा चढउतारच नसेल. वर्षभर पाणी मिळणाऱ्या झाडाची वलये एकसारखी येतात आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखे फार काही नसते. म्हणून जुळणी सापडली तर ती बोलकी असते. न सापडणे मात्र अनेक कारणांनी घडू शकते.

यातली एक फट पहिल्यापासून ध्यानात ठेवली पाहिजे. एका थरातली झाडे जुळली तरी ती एकत्र जगली एवढेच सिद्ध होते. एका डोंगरउतारावर एकत्र वाढलेली झाडे एकाच लोटाने एकत्र वाहून आली असतील तर तीही जुळतीलच. झाड केव्हा जगले आणि कोणाच्या सोबतीने जगले, ते वलये सांगतात. कुठे जगले, ते मुळे आणि माती सांगतात. या दोन साक्षी एकत्र ठेवल्याशिवाय निकाल देता येत नाही, हे या पुस्तकाचे मध्यवर्ती सूत्र आहे आणि पुढचे प्रत्येक उदाहरण याच सूत्रावर तपासले आहे.

वलयांकडून आणखी एक साक्ष मिळते ती शेवटच्या वलयाची. झाड मेले तेव्हा सालीलगतचे वलय अर्धवट राहिले असेल, फक्त वसंतकाष्ठ झाले असेल, तर मृत्यू हंगामाच्या सुरुवातीला आला. वलय पुरे झाले असेल तर हंगाम संपल्यावर. एका थरातली सगळी झाडे एकाच टप्प्यावर थांबली असतील तर त्यांना एकाच घटनेने मारले असण्याची शक्यता मोठी. या युक्तीचा सर्वांत देखणा वापर दगडी वनात नव्हे तर वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरील वाळलेल्या देवदारसदृश झाडांत झाला. कोपालिस नदीच्या मुखाजवळ भरतीच्या चिखलात रेड सीडर झाडांची करडी खोडे उभी आहेत. भूकंपात जमीन खचली, खारे पाणी आत आले आणि झाडे जागच्या जागी मेली. उघड्यावरील खोडांची बाहेरची वलये झिजून गेली होती. म्हणून डेव्हिड यामागुची, ब्रायन ॲटवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिखलाखालची मुळे उकरली, कारण तिथे साल शिल्लक होती. उंचावरच्या जिवंत झाडांशी जुळणी करून १९९७ मध्ये त्यांनी दाखवले की ही झाडे १६९९ च्या हंगामानंतर आणि १७०० च्या हंगामापूर्वी मेली. जपानमधल्या जुन्या नोंदींत सापडलेल्या, भूकंपाविना आलेल्या त्सुनामीवरून केन्जी साताके आणि सहकाऱ्यांनी त्या भूकंपाची तारीख आधीच २६ जानेवारी १७०० अशी काढली होती. दोन्ही साक्षी एकमेकींना येऊन मिळाल्या. अश्मीभूत वनाच्या अभ्यासकाने या कामातून शिकायचे ते असे की बाहेरचे वलय शाबूत आहे की झिजले आहे, हे ठरवल्याशिवाय मृत्यूच्या हंगामाविषयी तोंड उघडू नये.

याखेरीजही खोडात बारीकसारीक खुणा असतात. चिखलाने झाड कलंडले आणि तरीही जगले तर सूचिपर्णी झाड कलाच्या खालच्या बाजूला जाड वलये घालून स्वतःला सावरू पाहते. वलये एका बाजूला रुंद होतात. मुळांवर राखेचा थर साचला की वाढ खुंटते आणि सलग काही वर्षे अरुंद वलये येतात. अशी खुंटलेली वर्षे एका थरातल्या अनेक झाडांत मृत्यूच्या आधी एकाच अंतरावर सापडली तर अंतिम लोटाआधीही तिथे काही घडत होते, असे मानायला जागा होते. थरातल्या झाडांची वयेही पाहावी लागतात. जागेवर वाढलेल्या वनात रोपटी, तरणी झाडे आणि म्हातारी झाडे मिसळलेली असतात. वाहून आलेल्या साठ्यात पाण्याने आणि चिखलाने आपल्या परीने निवड केलेली असते.

इतके सगळे वाचायचे तर दगडात पेशी टिकल्या पाहिजेत. लाकूड दगड होते ते त्याच्या पोकळ्यांत आणि पेशींच्या भिंतींवर पाण्यातून आलेली सिलिका बसत गेल्याने. ज्वालामुखीची राख सिलिकेने समृद्ध असते, आणि तिच्यातून झिरपणारे पाणी ती लाकडापर्यंत नेते. म्हणूनच जगातल्या पुष्कळ अश्मीभूत वनांशेजारी ज्वालामुखीचा इतिहास असतो. राखेखाली हवा न पोचल्यामुळे कुजणेही मंदावते. ही प्रक्रिया लाखो वर्षांचीच असते असे नाही. जपानमधील तातेयामा भागातल्या गरम झऱ्याच्या पाण्यात ठेवलेल्या लाकडात सात वर्षांत मोठ्या प्रमाणावर सिलिका शिरल्याचे संशोधकांनी २००४ मध्ये नोंदवले. एकदा आत बसलेली सिलिका पुढे पुन्हा स्फटिकरूप घेऊ लागली की पेशींची रेखीव घडण पुसली जाते. त्यामुळे दुकानाच्या काचेआड ठेवलेला लाल, पिवळा, जांभळा, गुळगुळीत घासलेला तुकडा बहुधा अभ्यासाला निकामी असतो, आणि मळकट, तपकिरी, कोणी ढुंकूनही न पाहिलेल्या तुकड्यात पेशीन्‌पेशी मोजता येते. चांगल्या तुकड्याचा सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ काप करून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. किंवा घासलेल्या पृष्ठभागावर आम्ल लावून त्यावर ॲसिटेटचा पापुद्रा चिकटवतात आणि तो उचलून त्यावर उमटलेला पेशींचा ठसा वाचतात.

यलोस्टोनमध्ये याचा निकाल काय लागला? १९८७ मध्ये फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी स्पेसिमेन रिजवरील सिक्वोया मॅग्निफिका या झाडांच्या वलयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या आजच्या रेडवुडचे हे जुने नातलग. एकाच पातळीवरच्या काही खोडांचे वलयक्रम एकमेकांशी जुळवता आले. वाहून आल्याची बाजू मांडणाऱ्याच अभ्यासकाच्या हातून एकत्र जगलेल्या झाडांचा पुरावा पुढे आला, ही या वादातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. याच सुमारास रिचर्ड युरेटिच यांनी खोडांखालची माती आणि मुळे तपासून अनेक झाडे जागेवरच गाडली गेल्याचे १९८४ मध्ये मांडले होते. वलये आणि मुळे एका दिशेला बोट दाखवू लागली. फ्रिट्झ यांनी दाखवलेली वाहतुकीची चिन्हेही खोटी ठरली नाहीत. आज दिसणारे चित्र मिश्र आहे : खोऱ्यात आणि उतारांवर उभी असलेली झाडे जागच्या जागी गाडणारे लोट, आणि त्यांच्याबरोबर वरून खाली आलेली दुसरी झाडे.

यलोस्टोनमधल्याच स्पेसिमेन क्रीक परिसरातल्या खोडांविषयी लोमा लिंडा विद्यापीठातील एका प्रबंधात मात्र निरनिराळ्या थरांतील खोडांत समान क्रम आढळल्याचा दावा झाला. तो खरा असता तर बऱ्याच थरांचे वेगळेपण कोसळले असते. असे दावे तपासताना भावनेपेक्षा गणित कामी येते. तीनशे वलयांच्या एका क्रमावर शंभर वलयांचा दुसरा क्रम एकेक वर्ष सरकवत नेला तर पूर्ण ताडून पाहण्याच्या २०१ जागा मिळतात. नुसत्या योगायोगाने शंभरात एकदा पटेल अशी कसोटी ठेवली तरी प्रत्येक जोडीत दोनदा तरी खोटी जुळणी अपेक्षित आहे. वीस खोडे असतील तर जोड्या १९० होतात, आणि खोट्या जुळण्यांची अपेक्षित संख्या साडेतीनशेच्या वर जाते. त्यातली आपल्याला सोयीची निवडून दाखवणे अवघड नाही. जिवंत झाडांच्या अभ्यासात अशी चूक लवकर उघडी पडते, कारण तिथे तिसरे, चौथे, पन्नासावे झाड साक्षीला असते. दगडी वनात ते बहुधा नसते. त्यात रेडवुडची आणखी एक खोड आहे : त्याचे वलय खोडाभोवती पूर्ण फिरत नाही, कधी एका बाजूला असते आणि दुसऱ्या बाजूला विरून जाते. एकाच खोडावर दोन दिशांनी मोजले तर दोन संख्या येऊ शकतात. तेव्हा जुळणी लांब असावी, दोनापेक्षा अधिक खोडांत असावी आणि ती मुळांच्या, मातीच्या साक्षीला विरोध करणारी नसावी, ही किमान अट आहे.

वलये पूर्ण आत्मविश्वासाने बोलतात अशी अश्मीभूत वनेही आहेत. जर्मनीतील केम्निट्झ शहराखाली सुमारे २९ कोटी १० लाख वर्षांपूर्वीचे, पर्मियन काळातील वन आहे. झाइझिगवाल्ड ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते एकाच घटनेत गाडले. अनेक झाडे मुळांवर उभीच राहिली, म्हणजे जागेचा पुरावा पहिल्यापासून हातात होता. सर्व झाडे एकदमच मेल्यामुळे सगळ्यांचे शेवटचे वलय एकाच वर्षाचे ठरते. जुळणीला लागणारा खुंटा निसर्गाने आयता ठोकून दिला होता. लुडविग लुटहार्ट आणि रॉनी रोस्लर यांनी २०१७ मध्ये या खोडांच्या वलयांत सुमारे साडेदहा वर्षांचा चढउतार सापडल्याचे सांगितले, आणि तो सूर्यडागांच्या चक्राशी जोडला. डग्लस ज्या शोधात निघाले होते तोच शोध, पर्मियन झाडांच्या साहाय्याने. पण वाचकाने इथे क्रम लक्षात घ्यावा. आधी वन जागेवर आणि एकाच क्षणी गाडले गेले हे थरांवरून आणि मुळांवरून ठरले. मग वलयांवर एवढे ओझे टाकता आले.

याच्या अगदी उलट ॲरिझोनातील पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यान. जगभरच्या पर्यटकांच्या डोळ्यांसमोर अश्मीभूत वन म्हणून हेच येते. इथली बहुतेक खोडे वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या, ट्रायासिक काळातील नद्यांनी वाहून आणलेली आहेत : आडवी, फांद्या आणि साल झडलेली. मोजकेच बुंधे जागेवर उभे आहेत. या लाकडात ठळक वार्षिक वलये सहसा दिसत नाहीत. सिडनी ॲश आणि जेफ्री क्रेबर यांनी १९९२ मध्ये दाखवल्याप्रमाणे वाढीत अनियमित खंड मात्र दिसतात. तेव्हा हा प्रदेश विषुववृत्ताच्या जवळ होता आणि झाडांना दरवर्षी थांबायला लावणारा हिवाळा तिथे नव्हता. इथे जुळणी शक्य नाही, पण वलये नसणे हीच त्या हवामानाची नोंद आहे. दुसऱ्या टोकाला अंटार्क्टिका. तिथल्या पर्मियन काळातील जीवाश्म वनात, ध्रुवाच्या एवढ्या जवळ, वर्षानुवर्षे रुंद वलये घालणारी झाडे सापडली. ध्रुवाच्या इतक्या जवळ, उन्हाळ्यातला अखंड प्रकाश आणि हिवाळ्यातला अखंड अंधार यांत वाढणारे वन आज पृथ्वीवर कुठेच नाही. अशा झाडांपुढे आजच्या रानावरून केलेले अंदाज तोकडे पडतात.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, पण मराठी वाचकाला या शास्त्राचे एक मोठे केंद्र घराजवळ आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत वृक्षवलयांवर दशकानुदशके काम झाले आहे. उष्ण प्रदेशातली बहुतेक झाडे नेमकी वलये घालत नाहीत. सागवान हा त्याला मोठा अपवाद. ठाणे परिसरातल्या सागाच्या वलयांचा अभ्यास जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८० च्या दशकात केला. पुढे बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या सागाची १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची साखळी बांधली आणि तिच्यात एल निनोशी जोडलेल्या पावसाच्या ओढीची खूण शोधली. ज्यांना जुळणी प्रत्यक्ष कशी होते ते समजून घ्यायचे आहे त्यांनी दगडाआधी सागवानापासून सुरुवात करावी.

आपल्याकडच्या अश्मीभूत लाकडावर ही पद्धत जशीच्या तशी लागू करता येईल का? मध्य प्रदेशातील घुघवा इथे दख्खनच्या लाव्हाथरांच्या काळातली, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासची झाडे आहेत आणि त्यांत ताडवर्गातली पुष्कळ आहेत. ताडाला कॅम्बियम नसते, त्यामुळे वलयेही नसतात. तिथे प्रश्न मुळांना आणि मातीलाच विचारावा लागतो. तमिळनाडूतल्या तिरुवक्करै इथली मोठाली खोडे आडवी, फांद्या आणि मुळांविना पडलेली आहेत, वाहत्या पाण्याने आणल्याचे ती उघड सांगतात. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यातील वडदम इथे जुरासिक काळातील लाकूड आणि डायनोसॉरचे अवशेष एका परिसरात आहेत. चंद्रपूर भागातल्या कामठी थरांतील पर्मियन लाकडात वाढीची वलये आढळतात, कारण तेव्हा हा भूभाग दक्षिण गोलार्धात पुष्कळ खाली, ऋतूंचा फरक तीव्र असलेल्या अक्षांशांवर होता. म्हणजे वलयांची भाषा बोलणारे दगड महाराष्ट्रातही आहेत. त्यांच्याकडे एकेकटा तुकडा म्हणून नव्हे, तर एका थरातला समूह म्हणून पाहण्याचे काम मोठे आहे आणि ते करायला पुण्या-नागपुरातले विद्यार्थी सर्वांत जवळचे आहेत.

पुस्तकाची रचना या क्रमाने आहे : आधी जिवंत झाडातले वलय, मग त्याची जुळणी, मग लाकडाचा दगड होणे, आणि शेवटी एकेक वन. घाई असलेल्या वाचकाने यलोस्टोनचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. पण जुळणीच्या गणिताचे प्रकरण गाळू नये, कारण या विषयातली बहुतेक भांडणे तिथेच लागली आहेत. आकड्यांची धास्ती असणाऱ्यांसाठी ते बेरीज-गुणाकाराच्या पलीकडे जाणार नाही याची काळजी घेतली आहे.

एक विनंती शेवटी करायची आहे, आणि ती या विषयाच्या पद्धतीतूनच निघते. अश्मीभूत लाकडाच्या ठिकाणी गेलात तर खोड कोणत्या थरात आहे, उभे की आडवे, मुळे लांब पसरली आहेत की तुटली आहेत, बाहेरची कड सालीपर्यंत आहे की झिजली आहे, शेजारचे खोड किती दूर आहे, हे पाहा, टिपा, छायाचित्र काढा. तुकडा मात्र उचलू नका. घरी आणलेल्या तुकड्यातली वलये मोजता येतील, त्या झाडाचे वयही कदाचित सांगता येईल. पण थर, माती आणि शेजारी मागे राहिले की ते झाड कुठे आणि कोणाबरोबर जगले हे त्याला पुन्हा कधीच विचारता येत नाही.